नकली अणुकचऱ्यात यूरेनियमचा पीक दिसत नाही: आधी कुठे बघायचं

तक्रार ठरलेली असते. साध्या आम्लाच्या पाण्यात स्टँडर्ड (यूरेनियमचं प्रमाण माहीत असलेलं द्रावण) टाकलं की पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, टोकदार येतो, कॅलिब्रेशनची रेघ सरळ जाते, सगळे खूश. मग त्याच सेटिंगवर नकली अणुकचऱ्याचा नमुना सेलमध्ये घातला की पडद्यावर नुसती उतरती बेसलाइन. यूरेनियम आपणच घातलेलं असतं, तरी त्याचा पत्ता नाही. मग कोणी केबल बदलतं, कोणी पोटेन्शिओस्टॅटच्या (सेलला व्होल्ट देऊन करंट मोजणाऱ्या यंत्राच्या) नावाने बोटं मोडतं, तर कोणी सर्व्हिस इंजिनिअरला पुण्याहून बोलावून घेतं. तो येतो, डमी सेल (यंत्र तपासायचा खोटा सेल) लावतो, यंत्र ठणठणीत आहे असं सांगतो आणि बिल ठेवून जातो.

कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी भागातल्या संशोधक विद्यार्थ्यांकडून हा प्रश्न वर्षातून अनेकदा येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. इथे धरून चाललेली पद्धत म्हणजे पाऱ्याच्या लटकत्या थेंबावर क्लोरॅनिलिक आम्ल वापरून केलेली ॲडसॉर्प्टिव्ह स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री. यूरेनियम क्लोरॅनिलिक आम्लासोबत थेंबावर जमा होतं, मग व्होल्ट बदलत नेले की इलेक्ट्रॉन घेतं आणि त्या करंटचा पीक दिसतो. पीएच २ ते २.५, जमा करण्याचं पोटेन्शियल साधारण +०.१५ व्होल्ट, तिथून ऋण बाजूला डिफरन्शियल पल्स स्कॅन, आणि पीक शून्य व्होल्टच्या आसपास. पाऱ्याऐवजी बिस्मथच्या पातळ थराचा इलेक्ट्रोड वापरणाऱ्या बिस्मथवाल्यांसाठी शेवटी वेगळं लिहिलंय.

खरा अणुकचरा कोल्हापुरात येत नाही, येण्याचं कारणही नाही. तो तुर्भे (ट्रॉम्बे), तारापूर, कल्पाक्कम इथेच राहतो, तिथेच बोरोसिलिकेट काचेत बंद होतो. आपल्याकडे असतो तो सिम्युलेटेड, म्हणजे सुमारे ३ मोलर नायट्रिक आम्लात साध्या, किरणोत्सर्ग न करणाऱ्या सिझियम, स्ट्राँशियम, निओडिमियम, झिर्कोनियम, मॉलिब्डेनमचे क्षार, टाकीच्या पोलादातून येतात तसे लोह, क्रोमियम, निकेल, आणि वरून मोजका यूरेनियम. हा मोजका यूरेनियमही परवानगीशिवाय आणायचा नसतो. संस्थेच्या रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला आधी विचारा, मग स्टँडर्डची ऑर्डर द्या.

किरणोत्सर्ग मोजणारा काउंटर असताना हा खटाटोप का?

मुलं हे हमखास विचारतात. उत्तर आकड्यात आहे. १० मिलीलिटरच्या सेलमध्ये १ पीपीबी (अब्जात एक भाग) यूरेनियम म्हणजे १० नॅनोग्रॅम, म्हणजेच सुमारे २५ लाख कोटी अणू. पण यूरेनियम-२३८ चं अर्धायुष्य जवळजवळ ४४७ कोटी वर्षं. त्यामुळे एवढ्या अणूंपैकी एखादा फुटायला सरासरी दोन तासांहून जास्त वेळ लागतो. काउंटरपुढे बसून त्या एकाची वाट बघायची, की थेंबावर बसलेल्या असंख्य अणूंना मिनिटाभरात इलेक्ट्रॉन देऊन मोजायचं? सिझियम-१३७, स्ट्राँशियम-९० यांच्यासाठी मात्र काउंटरच बरा. तिथे अर्धायुष्य तीस वर्षांच्या आसपास आहे, अणू भराभर फुटतात, आणि सिझियम काही इलेक्ट्रोडवर असं जमा होत नाही. प्लुटोनियम-२३९ साठीही अल्फा स्पेक्ट्रोमेट्री सहसा पुढे जाते. म्हणजे स्ट्रिपिंगची खरी जागा आहे दीर्घायुषी, संथपणे फुटणाऱ्या धातूंसाठी. टेक्नेशियमच्या जागी रेनियम घेऊन सराव करणाऱ्यांनी खालचं जसंच्या तसं लावू नये. पररेनेटला (रेनियमच्या द्रावणातल्या रूपाला) इलेक्ट्रॉन देणं परटेक्नेटेटपेक्षा (टेक्नेशियमच्या तशाच रूपापेक्षा) अवघड जातं.

दोन जागी स्पाइक

पीक दिसत नाही म्हटल्यावर बहुतेक जण सेलमध्ये थोडं स्टँडर्ड घालून बघतात, पीक आला की हुश्श करतात आणि नमुन्यात यूरेनियमच नव्हतं असा निष्कर्ष काढतात. ही अर्धी चाचणी झाली. नमुन्याचे दोन भाग घ्या. एका भागात माहीत असलेलं यूरेनियम (म्हणजेच स्पाइक) अगदी सुरुवातीला घाला, म्हणजे ३ मोलर आम्लातच, पातळ करण्याआधी, गाळण्याआधी, पीएच लावण्याआधी. दुसरा भाग नेहमीसारखा तयार करा आणि तेवढंच यूरेनियम शेवटी सेलमध्ये घाला. पातळ करण्याचा हिशोब धरून दोन्हीकडे सेलमध्ये समजा ५ पीपीबी वाढायला हवेत.

सेलमधला स्पाइक नीट दिसला आणि सुरुवातीचा दिसला नाही, तर यूरेनियम वाटेत कुठेतरी पडलं. यंत्राकडे बघायचंही काम नाही, बीकरकडे बघा. सेलमधला स्पाइकही दिसत नसेल किंवा शुद्ध पाण्यातल्या उंचीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढाच येत असेल, तर यूरेनियम सेलमध्ये आहे, पण त्याला थेंबावर बसू दिलं जात नाही. दोन्ही स्पाइक दिसतात आणि तरी मूळ नमुन्यात काही नाही? मग खरंच काही नसेल. दोन्ही तक्रारींचं पडद्यावरचं रूप एकच, पण उपाय वेगवेगळे. हे वेगळं केल्याशिवाय पुढचं काही करू नका.

वाटेत हरवलेलं यूरेनियम

इथे सगळ्यात मोठा गुन्हेगार म्हणजे अमोनियाचा ड्रॉपर. नमुना आम्लधर्मी, पद्धतीला पीएच २.५ हवा, मग मुलं तीव्र अमोनिया थेंबथेंब सोडतात. बीकर प्रकाशासमोर धरून बघा. थेंब पडतो तिथे क्षणभर तांबूस-तपकिरी धागा उमटतो आणि ढवळल्यावर जातो. गेला म्हणून निश्चिंत होऊ नका. तो फेरिक हायड्रॉक्साइड आहे. त्या ठिपक्यापुरता पीएच एकदम वर गेलेला असतो, लोह खाली बसायला लागतं आणि पीपीबी पातळीवरचं यूरेनियम आपल्यासोबत ओढून नेतं. सगळं परत विरघळेलच याचा भरवसा नाही. पुढे ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं की जे उरलं ते फिल्टरच्या कागदावर राहतं. फिल्टरला किंचित पिवळट छटा दिसली तर तिथेच यूरेनियम शोधा. फिल्टर कोमट पातळ नायट्रिकमध्ये भिजवून ते पाणी मोजा, उत्तर मिळेल.

उपाय साधा आहे, आधी पातळ करा आणि पीएच नंतर लावा. ३ मोलर नमुन्यातले १०० मायक्रोलिटर १० मिलीलिटर पाण्यात घातले की आम्ल ०.०३ मोलरवर येतं, पीएच दीडच्या आसपास. लोहही शंभरपट कमी होतं. आता उरलेला थोडा फरक अगदी पातळ अमोनियाने, ढवळत ढवळत भरून काढता येतो. यात यूरेनियमही शंभरपट पातळ होतं हे खरं, पण ५०० पीपीबीचा नमुना सेलमध्ये ५ पीपीबी होतो, आणि ५ पीपीबी या पद्धतीला आरामात दिसतं. पातळ करायला लोक का घाबरतात कळत नाही. पद्धत संवेदनशील आहे म्हणून नमुनाही घट्टच घालायचा असं कुठे लिहिलंय?

नमुन्यातच यूरेनियम अगदी कमी असेल आणि पातळ करणं परवडत नसेल, तर हॉटप्लेटवर आम्ल उडवण्याचा मार्ग उरतो. यात कोरडं होईपर्यंत तापवत ठेवायचं नाही. ओलसर साय राहिली की उतरवा आणि पातळ आम्लात घ्या. नायट्रेट करपून ऑक्साइड झाले की सहज विरघळत नाहीत, आणि झिर्कोनियम व मॉलिब्डेनम मिळून झिर्कोनियम मॉलिब्डेटचा जो साका बसतो तो तर अणुकचऱ्याच्या टाक्यांमधलंही जुनं दुखणं आहे. त्या साक्यात काय काय अडकेल ते सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट कळकळीने. नमुन्यात ट्रायब्युटिल फॉस्फेटचा थर, नुसता तवंगसुद्धा, असेल तर नायट्रिकसोबत तापवायचं नाही. पुनर्प्रक्रियेत यूरेनियम वेगळं काढायला हेच द्रव्य डोडेकेनमध्ये ३० टक्के मिसळून वापरतात, म्हणून सिम्युलेटेड नमुन्यातही ते मुद्दाम घातलं जातं. तीव्र नायट्रिकमध्ये ते जास्त तापलं की ज्याला ‘रेड ऑइल’ म्हणतात ते बनतं आणि स्फोट होतो. अमेरिकेत सव्हाना रिव्हरला १९५३ आणि १९७५ मध्ये, रशियात तोम्स्क-७ ला एप्रिल १९९३ मध्ये हे घडलंय. तिथल्या टाक्या आणि आपला ५० मिलीलिटरचा बीकर यांची बरोबरी नाही, पण डोळे आपले तेवढेच आहेत. थर आधी सेपरेटिंग फनेलने वेगळा करा, पाण्याचा भाग शुद्ध डोडेकेनने धुवा. आणि सेंद्रिय शिल्लक असताना परक्लोरिक आम्लाला हात लावू नका.

दुसरा चोर म्हणजे काच. पीपीबी पातळीचं स्टँडर्ड उदासीन पाण्यात करून काचेच्या फ्लास्कमध्ये रात्रभर ठेवलं की सकाळी त्यातलं बरंचसं भिंतीवर गेलेलं असतं. मग त्याच फ्लास्कमध्ये दुसऱ्या दिवशी आम्लाचा ब्लँक (यूरेनियम न घातलेलं द्रावण) घेतला की भिंतीवरचं सुटून येतं, आणि ब्लँकमध्ये पीक! मुलांना वाटतं आम्ल खराब आहे. १००० पीपीएमचा मूळ स्टॉक २ टक्के नायट्रिकमध्ये ठेवा, पीपीबीची स्टँडर्ड त्याच दिवशी करा, पीएच २ च्या खाली ठेवा आणि एचडीपीईच्या बाटल्या वापरा. सेल आणि बाटल्या रात्रभर १० टक्के नायट्रिकमध्ये भिजत ठेवायच्या. या कामासाठीचा सेल वेगळा ठेवलेला बरा, निदान यूरेनियमचं काम चालू असेपर्यंत.

सेलमध्ये आहे, पण गप्प

आता दुसरी शक्यता. इथे एक जलद चाचणी आहे, जमा करण्याचा वेळ बदलून बघा. ३०, ६०, १२० सेकंद. शुद्ध द्रावणात पीक वेळेसोबत वाढत जातो. तुमच्या नमुन्यात ६० ला थोडा वाढला आणि १२० ला उलट कमी झाला, तर थेंबाच्या पृष्ठभागावर दुसरंच काहीतरी जागा अडवून बसतंय. बहुधा सेंद्रिय. ट्रायब्युटिल फॉस्फेट पाण्यात फार विरघळत नाही, लिटरला ग्रॅमच्या काही दशांश एवढंच, पण थेंबाचं पृष्ठ झाकायला तेवढं पुष्कळ झालं. त्याच्या विघटनातून होणारं डायब्युटिल फॉस्फेट तर आणखी त्रासदायक, कारण ते यूरेनिलला (यूरेनियमच्या पाण्यातल्या आयनाला) स्वतःच घट्ट धरतं. म्हणजे एकाच वेळी जागाही अडवतं आणि पाहुणाही पळवतं.

यावर अल्ट्राव्हायोलेट डायजेशन चालतं, पाऱ्याच्या दिव्याखाली हायड्रोजन पेरॉक्साइडचे थोडे थेंब घालून. पण ३ मोलर नायट्रेट तसंच ठेवून दिवा लावला तर नायट्रेटच बराचसा प्रकाश गिळतं आणि वर नायट्राइट तयार होतं ते वेगळंच. इथेही आधी पातळ करणं आलंच. डायजेशन झाल्यावर उरलेलं पेरॉक्साइड उकळून घालवा. ते यूरेनिलसोबत कॉम्प्लेक्स करतं आणि पाऱ्यावर स्वतःही रिड्यूस होतं.

सेंद्रिय नसेल तर धातूंची स्पर्धा बघा. फेरिक लोह, मॉलिब्डेनम, झिर्कोनियम हे सगळे क्लोरॅनिलिक आम्लावर हक्क सांगतात. इथे ईडीटीए (धातूंना पकडून ठेवणारं द्रव्य) कामाला येतं. पीएच २ च्या आसपास ते फेरिक लोहाला घट्ट धरतं आणि यूरेनिलला जवळजवळ मोकळं सोडतं, कारण लोहासोबतच्या त्याच्या कॉम्प्लेक्सचा स्थिरांक १० च्या २५ व्या घाताच्या आसपास आणि यूरेनिलसोबतचा ७ व्या घाताच्या. पण पीएच ५ ला हेच ईडीटीए यूरेनिललाही धरायला लागतं, म्हणून एका पद्धतीतली कृती उचलून दुसऱ्या पीएचला लावू नये. आणि लिगँड, म्हणजे क्लोरॅनिलिक आम्ल, वाढवून स्पर्धा जिंकता येईल असं समजू नका. जास्त झालेलं क्लोरॅनिलिक आम्ल स्वतःच थेंबावर गर्दी करतं आणि पीक खाली येतो.

एक कारण असं की ते कोणी विचारात घेत नाही. यूरेनियम वेगळं काढायला युटेव्हा रेझिन वापरलं, ते ३ मोलर नायट्रिकमधून धरतं आणि पातळ हायड्रोक्लोरिकने सोडतं. काम झकास होतं. पण सोडवलेलं द्रावण तसंच सेलमध्ये घातलं की क्लोराइड आला. क्लोराइड ०.०३ मोलरच्या वर गेला की +०.१५ व्होल्टला पारा स्वतःच कॅलोमेल (पाऱ्याचं क्लोराइड) व्हायला लागतो, आणि नेमक्या पीकच्या जागी मोठा डोंगर उभा राहतो. पुढचा पीक त्यात बुडतो. हायड्रोक्लोरिक उडवून पातळ नायट्रिकमध्ये घ्या, नाहीतर निदान ०.०१ मोलरच्या खाली ठेवा.

उलटी तक्रार

कधीकधी पीक दिसतो, पण काहीही केलं तरी तेवढाच राहतो, नमुना दुप्पट घातला तरी. थेंब भरलाय. जमा करण्याचा वेळ निम्मा करा. पीकही निम्मा झाला तर ठीक, नाहीतर अजून पातळ करा. भरलेल्या थेंबावर स्टँडर्ड ॲडिशन केलं तर उतार कमी येतो आणि उत्तर खऱ्यापेक्षा जास्त निघतं. प्रबंधात असले आकडे मी बघितलेत.

पीक सरकतोय

आज +२० मिलीव्होल्टला, उद्या −१५ ला, परवा कुठेच नाही. हा रेफरन्स इलेक्ट्रोडचा (ज्याच्या तुलनेत व्होल्ट मोजतात त्याचा) खेळ. नमुन्यात परक्लोरेट असेल (सेंद्रिय काढून टाकल्यानंतर परक्लोरिकचे धूर काढणारे अजून बरेच आहेत) आणि रेफरन्समध्ये ३ मोलर पोटॅशियम क्लोराइड असेल, तर टोकाच्या सच्छिद्र बुचात पोटॅशियम परक्लोरेट साचतं. भिंगातून बघितलं तर पांढरी खडीसाखर दिसते. बाहेरची नळी लावा आणि तिच्यात सोडियम क्लोराइड किंवा सोडियम नायट्रेट भरा. सोडियम परक्लोरेट विरघळलेलंच राहतं. रेफरन्स धडधाकट आहे का ते बघायला त्याच जातीचा दुसरा रेफरन्स एकाच पोटॅशियम क्लोराइडमध्ये बुडवून मल्टिमीटर लावा. काही मिलीव्होल्टचा फरक चालतो, १० च्या वर गेला तर बदला.

इथल्या हवापाण्याचं

नायट्रोजनचा सिलिंडर उद्यमनगर किंवा शिरोलीच्या बाजूचा असेल तर तो बहुधा कारखान्यांसाठीचा असतो. फाउंड्रीला त्यातला थोडा ऑक्सिजन चालतो, आपल्याला नाही. ऑक्सिजन ट्रॅप लावा किंवा उच्च शुद्धतेचा मागवा. ट्रॅप लावूनही बेसलाइनचा उतार जात नसेल तर रबरी नळी बघा, जुन्या नळीतून हवा आत झिरपते.

मे महिन्यात पीकवर करवतीचे दात दिसायला लागले की अर्थिंगचा खड्डा बघा. जमीन वाळते, कोळसा-मिठाचा खड्डा कोरडा पडतो. पाणी घाला, आणि इलेक्ट्रिशियनकडून रोध मोजून घ्या. पंप आणि एसी त्याच लाइनवर असतील तर दुसऱ्या लाइनवर टाका. याहून साधं कारणही असतं. परदेशी पेपरमधली सेटिंग उचलताना करंट मोजण्याचा वेळ १६.७ मिलिसेकंद घेतलेला असतो. तो ६० हर्ट्झच्या देशांसाठी. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणून २० किंवा ४० मिलिसेकंद ठेवा. पूर्ण फेरा मोजला की गोंगाट आपोआप जवळजवळ शून्य होतो.

पावसाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टच्या झडीत, केबलच्या कनेक्टरवर ओल धरते आणि नॅनोअँपिअर गळतात. कनेक्टर आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसून, वाळवून, सिलिका जेलच्या डब्यात ठेवायचे. रिकाम्या सेलवर करंट शून्य दाखवत नसेल तर दोष इथेच.

बिस्मथवाल्यांसाठी

पारा नको म्हणून बिस्मथ फिल्मकडे वळणं योग्यच. पण क्लोरॅनिलिकची पद्धत तिथे चालणार नाही, आणि यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पीक शून्य व्होल्टला येतो आणि बिस्मथ त्याच्या आधीच, −०.२ च्या आसपास, विरघळायला लागतं. तिथे क्लोरॅनिलिकऐवजी कपफेरॉन (तसंच धातू धरणारं द्रव्य) घ्या, त्याचा पीक बराच ऋण बाजूला येतो. कपफेरॉनचं द्रावण मात्र त्याच दिवशी करायचं. सकाळचं द्रावण दुपारी पिवळट-तपकिरी झालं असेल तर फेकून द्या. बाटलीत अमोनियम कार्बोनेटची पुरचुंडी असते ती काढू नका, तिच्यामुळेच पावडर टिकते. एवढ्या ऋण बाजूला ऑक्सिजनही जास्त नडतो, म्हणून वरचं नायट्रोजनचं प्रकरण पारावाल्यांपेक्षा तुम्हाला जास्त लागू. आणि पहिल्या स्कॅनला मस्त पीक, पाचव्याला निम्मा, ही तक्रार असेल तर फिल्म शिळी झाली. दर मोजणीआधी काढून पुन्हा चढवा.

सेलमधलं काहीही सिंकमध्ये ओतायचं नाही, ते फिरून पंचगंगेतच जातं. पारा जाड बाटलीत पाण्याच्या थराखाली, यूरेनियमचं पाणी वेगळ्या बाटलीत, दोन्हीवर तारीख आणि अंदाजे प्रमाण लिहून सेफ्टी ऑफिसरकडे.